नऊ इंच आत

आभार मानणं मला कधी जमलं नाही. कुणी काही चांगलं केलं की माझ्या तोंडून आधी त्यातली खोट निघते. आमचे हे म्हणतात, तुला देव भेटला तरी तू त्याला विचारशील की इतके दिवस कुठे होतास. म्हणून निहारिकेला जे तोंडानं सांगता आलं नाही ते बसून लिहिते आहे. तिनं वाचलं तर वाचलं.

मी कल्पना. वय चोपन्न. पंचवीस वर्षांपूर्वी मी इंदूरजवळच्या आमच्या शहरात, देवास गेटच्या बसस्टँडजवळ, भय्यासाहेबांच्या ऑफिसात नकाशे काढायची. भय्यासाहेब इंजिनियर, लोकांची घरं बांधून देतात. खाली बॅगांचं दुकान, वर आमचं ऑफिस, आणि समोर दिवसभर बसवाल्यांची 'इंदूर, इंदूर' अशी हाक. तेव्हा टेबलाएवढा बोर्ड असायचा, त्यावर ट्रेसिंगचा कागद आणि हातात शाईचं पेन. चुकलं तर ब्लेडनं खरवडायचं, फार खरवडलं तर कागदाला भोक. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि माझं काम सुटलं ते सुटलंच. मी मोकळी झाले तोवर बोर्ड भंगारात गेले होते.

मागल्या वर्षी हे रेल्वेतून रिटायर झाले आणि दिवसभर घरात बसू लागले. दोन माणसं आठ पहर एका घरात, त्यातलं एक मी. काहीतरी करणं भागच होतं. मी गुपचूप फ्रीगंजला जाऊन कंप्युटरवर नकाशे काढायचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि भय्यासाहेबांपुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "निहारिका दिवाळीनंतर सुट्टीवर जाते आहे, बाळंतपणासाठी. तोपर्यंत तिच्याकडून शिकून घ्या. जमलं तर ती परत येईपर्यंत खुर्ची तुमची."

निहारिका एकतीस वर्षांची. सातवा महिना, अंगात भेरूगढ़च्या छापाचा ढगळ कुर्ता, टेबलावर भाजलेल्या चण्यांची पुडी. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काकू, काही अटकलं तर मला आवाज द्या. शरमायचं नाही बिलकुल." माझ्या मुलाहून चार वर्षांनी मोठी असेल, आणि मला सांगते शरमायचं नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी त्याच क्षणी ठरवून टाकलं की काहीही होवो, हिला आवाज द्यायचा नाही.

माझ्या हाती आलेलं पहिलं पूर्ण काम जयूचं होतं. जयू आमच्या जुन्या गल्लीतली, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. शाळेत भूगोल शिकवायची. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडली, पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. तेव्हापासून चाकांची खुर्ची. गावातच, नानाखेड्याला, भाऊ सुहास आणि वहिनी गौरी यांच्याकडे राहते आणि घरी मुलांच्या शिकवण्या घेते. त्या घरचं बाथरूम इतकं चिंचोळं की खुर्ची दारातच अडते. रोज सकाळी सुहास आणि गौरी दोघं मिळून तिला उचलून आत नेत, स्टुलावर बसवत, आणि गौरी तिला अंघोळ घालत असे. शेवटी सुहासनं मागच्या ओट्यावर जयूसाठी एक खोली आणि तिला लागून बाथरूम बांधायचं ठरवलं.

नकाशा मी काढणार हे कळल्यावर जयूनं मला फोन केला. "कल्पनाताई, खोली कशीही काढा. बाथरूमचं दार मला आतून लावता आलं पाहिजे आणि खुर्ची आतल्या आत फिरली पाहिजे. दोन वर्षांत मी एकदाही एकटी अंघोळ केलेली नाही."

एवढंच म्हणाली. मी आपली "बरं, बरं" करत राहिले.

खुर्ची जागेवर पूर्ण फिरायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं. मी बाथरूम आतून साडेपाच फूट रुंद धरलं. पाच फूट जयूचे, आणि वरचे सहा इंच प्लास्टर, टाइल आणि माझ्या मनाच्या शांतीसाठी.

आता माझं कुठे अडलं ते सांगते. बोर्डवर भिंत म्हणजे दोन रेघा, आणि दोन्ही हातानं काढायच्या. कंप्युटरवर एकच काढायची, खोलीच्या आतल्या अंगाची. मग तिथे ऑफसेट नावाची एक सोय असते. तिला अंतर सांगायचं, नऊ इंच, आणि कुठल्या बाजूला ते माऊसनं दाखवायचं, की सगळ्या खोलीभोवती तेवढ्या अंतरावर दुसरी रेघ आपोआप येते, कोपऱ्यांसकट. कोर्समध्ये मास्तरनं हे चुटकीसरशी करून दाखवलं होतं. मला होईना. ज्या रेघेला हात लावावा तेवढी एकटीच सरकून उभी राही. बाहेरचे कोपरे सगळे उघडे, उंदीर सोडा, मांजर जाईल एवढी भगदाडं. आधी सगळ्या रेघा एकमेकींना जोडून घ्यायच्या असतात, हे मास्तरनं सांगितलेलं आठवलं. जोडायला गेले तर पडद्यावर खाली उत्तर आलं की शून्य रेघा जोडल्या. मी पुन्हा केलं. पुन्हा शून्य.

पुण्याला रुचिरला, माझ्या मुलाला, फोन केला. तो म्हणाला, "आई, यूट्यूबवर बघ ना." यूट्यूबवरचा माणूस इतका भरभर बोलत होता की त्याला कुठलीतरी गाडी पकडायची असावी. मी कंप्युटर बंद करून चालू केला. माऊस बदलून घेतला. शेवटी भय्यासाहेबांना जाऊन सांगितलं की हा कंप्युटरच बिघडलेला आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

निहारिका दोन टेबलं सोडून बसलेली. एकदा मान वळवून म्हणाली, "काकू, सगळं ठीक?"

"एकदम ठीक," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, नाही जोडायच्या तर नाही. एकेक रेघ सुटी सरकवायची. सगळ्या मिळून चव्वेचाळीस होत्या. प्रत्येक रेघ धरायची, नऊ इंच सांगायचे, बाजू दाखवायला एक टिचकी मारायची, आणि मग कोपरे ओढूनताणून जुळवायचे. अख्खा दिवस गेला. पण संध्याकाळी पडद्यावर नकाशा असा देखणा दिसत होता की मला माझाच अभिमान वाटला. मापं टाकली आणि छापला. भय्यासाहेबांनी वरवर नजर फिरवली. माझ्या हाताचं जुनं काम त्यांना माहीत होतं, त्या भरवशावर त्यांनी सही केली. मिस्त्रीनं त्याच आठवड्यात चुन्यानं आखणी करून काम सुरू केलं. ओटा आधीचाच होता, त्यामुळे भिंती लवकर वर येऊ लागल्या.

पुढच्या आठवड्यात निहारिकेनं नळाच्या पाइपांचा नकाशा करायला माझं काम स्वतःच्या कंप्युटरवर उघडलं. मी हातातलं काम सोडून तिच्याच पडद्याकडे बघत बसले. चोराच्या मनात चांदणं.

"काकू, इकडे येऊन जा जरा."

मी गेले. तिनं नकाशाचा एक कोपरा पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला. दोन रेघा कोपऱ्यात भेटत होत्या आणि भेटल्यावर दोघीही कणभर पुढे गेल्या होत्या.

"हे काय आहे? प्रत्येक कोपऱ्याला मिशा फुटल्या आहेत."

"मिशा कसल्या," मी म्हटलं. "कोपरा असाच काढतात."

"कुणी सांगितलं?"

"शरच्चंद्र सरांनी."

आणि मग मला तिला सगळं सांगावं लागलं. शरच्चंद्र सर आम्हाला पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. ट्रेसिंगवरून प्रिंट निघताना रेघेचं टोक फिकं पडतं, कोपरा उघडा दिसतो, आणि उघडा कोपरा दिसला की सर लाकडी पट्टी टेबलावर आपटून विचारत, "इथून कोण येणार आहे, चोर?" म्हणून कोपऱ्यावर रेघ कणभर ओलांडायची. कोपरा बंद असल्याची ती खूण. कुणाचा हात तयार झाला आहे हे आम्ही त्या ओलांडण्यावरून ओळखायचो. कमी नाही, जास्त नाही, सगळीकडे सारखं. पंचवीस वर्षांनी हातात पेनाऐवजी माऊस आला, पण हातानं तेच केलं. जित्याची खोड. आणि आपण तसं करतो आहोत हे मला दिसलंसुद्धा नव्हतं.

मला वाटलं ही हसेल. ती हसली नाही. खुर्ची जवळ ओढून तिनं आणखी दोन-चार कोपरे पाहिले.

"सगळे सारखे आहेत, काकू. हे मला नाही जमणार," ती म्हणाली. "पण कंप्युटरला टोकाला टोक लागतं. एक रेघ जिथे संपली तिथेच दुसरी सुरू झाली, तरच त्याला दोघी एक वाटतात. तुमच्या एकमेकींना ओलांडून चालल्या आहेत. म्हणून त्या जुडत नाहीत, आणि जुडत नाहीत म्हणून ऑफसेट एकेकीचाच होतो. तुम्ही तीन दिवस यात परेशान होत होत्या?"

"अडीच," मी म्हटलं.

तिनं एक सोय उघडली, फिलेट म्हणतात तिला. कोपऱ्याला गोलाई द्यायची असते तेव्हा ती वापरतात. तिनं गोलाई शून्य ठेवली आणि कोपऱ्यातल्या दोन्ही रेघांवर एकेक टिचकी मारली. मिशा गळून पडल्या, कोपरा लख्ख. मग ती उठली, मला खुर्चीवर बसवलं आणि माऊस माझ्या हातात दिला. आठवा लागलेली बाई कमरेवर हात ठेवून उभी, आणि मी बसलेली. मी बाथरूमचे चारही कोपरे साफ केले. रेघा जोडल्या. या वेळी शून्य आलं नाही. ऑफसेट घेतला, नऊ इंच, बाहेरच्या बाजूला टिचकी. चारही बाजूंनी एका दमात दुसरी रेघ उमटली. मला रडूच आलं असतं, पण त्याआधी राग आला, स्वतःचाच. तीन दिवस मी या बाईपासून दहा पावलांवर बसून होते.

"काकू, थांबा," निहारिका म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "इथे भिंत आत कशी गेली?"

नवी रेघ तीन बाजूंनी माझ्या जुन्या रेघेवर बरोबर बसली होती. चौथ्या बाजूला, बाथरूम आणि खोलीच्या मधल्या भिंतीपाशी, नवी रेघ बाहेर खोलीकडे गेली होती आणि माझी जुनी आत, बाथरूममध्ये होती. चव्वेचाळीस टिचक्यांतली एक मी चुकीच्या बाजूला मारली होती. पडद्यावर फरक कळत नाही, दोन्हीकडे भिंत म्हणजे दोन रेघाच. माप टाकताना मी ते पहिल्या रेघेपर्यंत टाकलं होतं, म्हणजे भिंतीच्या पलीकडच्या अंगापर्यंत. कागदावर साडेपाच फूट लिहिलेलं, पण त्यात नऊ इंच भिंतच धरलेली. आत उरले पावणेपाच फूट. त्यातून पुढे प्लास्टर आणि टाइल. आणि जयूच्या खुर्चीला लागतात पाच.

बांधकाम सुरू होऊन आठ दिवस झाले होते.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते, नाही तर या लिहिण्याला अर्थ नाही. मनात आलं की तीन इंचांनी काय होतंय. खुर्ची थोडी मागेपुढे करून फिरवता येईल. भय्यासाहेब त्या दिवशी इंदूरला गेलेले, ऑफिसात आम्ही दोघीच. कुणाला कळणार आहे? सांगितलं तर ऑफिसातली माझी खुर्ची जाणार. मला ते काम किती हवं होतं हे ते जायची वेळ आल्यावर कळलं.

निहारिकेनं माझ्याकडे पाहिलं. तिला माझ्या मनातलं दिसलं असणार. ती एवढंच म्हणाली, "मी भय्यासाहेबांना काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगा. आधी आपण साइटवर जाऊन येऊ."

"तू कशाला? रस्ते बघ कसे आहेत."

"आठवा आहे, काकू, अठरावा नाही. चला."

आम्ही ई-रिक्षानं नानाखेड्याला गेलो. खड्डा आला की ती एक हात पोटाला लावायची आणि दुसऱ्यानं माझा दंड धरायची. वाटेत मला एका शब्दानं बोलली नाही. तिनं मला झापलं असतं तर मी उलट झापून मोकळी झाले असते.

मधली भिंत कमरेपर्यंत आली होती. मी स्वतः टेप धरला. चार फूट नऊ इंच. मिस्त्री म्हणाला, "नक्शे में तो यही है, मैडम." खरं होतं. त्यानं एक सूतभरही इकडेतिकडे केलं नव्हतं. माझी चूक त्यानं मन लावून बांधली होती.

आमचा आवाज ऐकून जयू आली. मांडीवर मुलांच्या वह्या. मी काही बोलायच्या आत तिनं वह्या ओट्यावर ठेवल्या आणि दाराच्या जागेतून खुर्ची आत घेतली. चाकं फिरवली. खुर्ची अर्धी वळली आणि पाय ठेवायची पट्टी विटांवर खट्‌कन आपटली. तिनं मागे घेऊन पुन्हा वळवली. पुन्हा खट्‌.

"काल पण इथेच अडकली होती," जयू म्हणाली.

"काल? मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं मलाच नीट फिरवता येत नाही." ती हातावरची विटेची धूळ झटकत होती. "आणि काय बोलणार, ताई. दादा रोज ऑफिसातून येऊन इथे पाणी मारून राहिलाय भिंतीवर. तुम्ही नकाशा काढून दिला. त्यात आता मी खोट काढायची? दोन वर्षं मी थँक्यू म्हणून राहिले आहे. चहा दिला, थँक्यू. उचललं, थँक्यू. पाठ चोळली, थँक्यू. इतकं थँक्यू म्हणणाऱ्या माणसाला मग तक्रार करता येत नाही. म्हटलं राहू दे. गौरीवहिनी घालतेच आहे अंघोळ."

मी आयुष्यभर खोट काढत आले. आणि इथे एक बाई, जिची खुर्ची भिंतीवर आपटते आहे, ती गप्प बसली होती, आणि तिला गप्प बसवणारी भिंत मी काढली होती. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"जयू," मी म्हटलं, "तुला नीट फिरवता येतं. ही भिंत नऊ इंच आत आली आहे. नकाशात मी चुकवली. ती तिकडे हवी होती, तुझ्या खोलीकडे."

मिस्त्री विटेवर बसून ऐकत होता. त्यानं कपाळावर आठ्या घातल्या, कारण तोडायचं म्हटलं की आधी बोलणी त्यालाच बसतात.

"भैया, गलती हमारी है," निहारिका त्याला म्हणाली. "आप का काम एकदम सही है. ये दीवार निकाल के उधर लेनी पड़ेगी."

हमारी, म्हणाली. त्या नकाशावर तिची एक रेघसुद्धा नव्हती. मी शेजारी उभी होते, मला नीट ऐकू आलं. त्या एका शब्दासाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे, आणि हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही.

तिथूनच मी भय्यासाहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मिशा, टिचकी, माप, सगळं.  

"सही माझी आहे, कल्पनाबाई," ते म्हणाले. "मी पण पाहायला हवं होतं. भिंत पडली तर पडू द्या. जयू पडायला नको." आणि लगेच पुढे, "उद्या वेळेवर या. निहारिका जायला तीनच आठवडे राहिले आहेत."

भिंत त्याच दिवशी उतरवली. नवी आखणी करताना टेपाचं एक टोक मी धरलं, दुसरं जयूनं. मिस्त्रीनं चुन्याची रेघ ओढली आणि जयूनं तिच्या आत खुर्ची फिरवून पाहिली. एक पूर्ण फेरी. मग उलटी फेरी. मिस्त्री म्हणाला, "दीदी, अब तो गरबा कर लो." जयू हसली.

पुढचे तीन आठवडे मी निहारिकेला इतके आवाज दिले की बिचारी चणे खायची राहिली. रेघ चुकून दोनदा काढली गेली असेल तर कसं ओळखायचं, गोलाई लहान आणि अंतर मोठं असलं की ऑफसेट का रुसतो, माप टाकल्यावर ते खोलीच्या आतून पुन्हा कसं तपासायचं. एक गोष्ट तिनं मला पाच-पाचदा सांगितली असेल, आणि पाचव्यांदाही पहिल्यांदा सांगितल्यासारखी. कधी माझ्या मागून जाताना फक्त म्हणायची, "काकू, मिशा?" मी म्हणायची, "काढल्या." शेवटच्या दिवशी तिनं आपला माऊस माझ्याकडे ठेवला, म्हणाली याची सवय आहे तुम्हाला आता.

डिसेंबरात तिला मुलगी झाली. मी डिंकाचे लाडू घेऊन गेले. सबंध रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत गेले होते. तिथे पोहोचून पाळण्यात पाहिलं आणि तोंडून निघालं, "पोरीला इतकं घट्ट का गुंडाळलंय?" निहारिका हसत सुटली. तिचे टाके दुखत होते, तरी हसत सुटली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी जयूचं बाथरूम वापरायला तयार झालं. सुहासनं मला सकाळीच बोलावलं होतं. गौरीनं टॉवेल, कपडे, साबण, सगळं जयूच्या हाताला येईल असं लावून ठेवलं आणि सवयीनं स्वतःही आत गेली. जयू म्हणाली, "वहिनी, तू बाहेर." गौरी बाहेर आली. दार सरकलं आणि आतून कडी लागली.

आम्ही तिघं मागच्या ओट्यावर उभे. आतून चाकांचा टाइलवर फिरण्याचा आवाज आला, मग थांबला. कुठे आपटल्याचा आवाज आला नाही. मी श्वास सोडला. मग बराच वेळ काही नाही. खुर्चीवरून बाजूच्या बाकावर सरकायचं होतं तिला, एकटीनं, हातांच्या जोरावर. महिनाभर पलंगावर त्याचा सराव केला होता. सुहास दाराला कान लावून उभा. गौरीनं ओठ दाताखाली धरलेला. मग पाण्याचा आवाज आला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. पाणी चालूच. सुहासला राहवेना. त्यानं हळूच दार वाजवलं. "जयू, ठीक आहेस ना?"

"दादा," आतून आवाज आला, "गरम पाण्याचा नळ इतका उंच कुणी बसवला? हात पोचायला किती ताण पडतो. आणि दारापासून दूर व्हा सगळे. तुमची कुजबुज ऐकू येते मला इथे."

सुहास गडबडून मागे सरला. गौरी ओट्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, ऐकलं? दोन वर्षांत पहिल्यांदा आमच्यावर ओरडली."

जयू बाहेर आली तेव्हा पाऊण तास झाला होता. केसांना टॉवेल, चेहरा लालबुंद, बाह्या ओल्या. तिनं आमच्यापैकी कुणालाही थँक्यू म्हटलं नाही. उन्हात खुर्ची लावली, टॉवेल सोडून केस मोकळे केले आणि माझ्याकडे वळली.

"कल्पनाताई, तो नळ खाली घ्यावा लागेल. सहा इंच तरी."

"घेऊ," मी म्हटलं, आणि टेप घेऊन आत गेले.